पृथ्वीच्या गाभ्यातील एक दशांश

खेड्यात विहीर खणावयाची झाली म्हणजे प्रथम माती लागते, मग मुरूम लागतो, मग कातळ लागतो आणि तेथे सुरुंगाचे काम पडते. चाळीस-पन्नास फुटांवर पाण्याचा झरा फुटला की घरधनी कृतार्थ होतो. त्याखाली काय आहे याचा विचार करण्याचे त्यास कारण उरत नाही. परंतु त्या कातळाखाली काय आहे? त्याच्याही खाली काय आहे? आणि असे खाली खाली जात आपण पृथ्वीच्या अगदी मध्यबिंदूशी पोहोचलो, तर तेथे काय सापडेल? हा प्रश्न लहान मुले विचारतात आणि मोठी माणसे हसून टाळतात. शास्त्रज्ञांनी मात्र तो टाळला नाही. त्यांनी शोधलेले उत्तर, आणि त्या उत्तराच्या हिशोबात अजूनही पुरती न उलगडलेली एक तूट, ही आज वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. तूट लहानशीच आहे. एक दशांशाच्या आसपास. पण त्या दशांशावर किती मोठी गोष्ट अवलंबून आहे, हे लेखाच्या शेवटी वाचकांच्या ध्यानी येईल.

आरंभी अंतराची कल्पना घेऊ. आपल्या पायांपासून पृथ्वीच्या मध्यबिंदूपर्यंत सुमारे ६,३७१ किलोमीटर अंतर आहे. रशियाच्या वायव्य भागात कोला द्वीपकल्पावर १९७० साली एक अतिखोल भोक पाडण्यास सुरुवात झाली. मोठमोठी यंत्रे आणि कुशल माणसे जवळजवळ वीस वर्षे त्या कामी लागली होती. १९८९ साली ते भोक १२,२६२ मीटर खोल गेले आणि पुढे वाढलेल्या उष्णतेमुळे काम थांबवावे लागले. सव्वाबारा किलोमीटर! मध्यबिंदूपर्यंतच्या वाटेचा हा पाचशेवा हिस्सादेखील भरत नाही. पृथ्वी हा आंबा मानला, तर मनुष्याने अद्याप त्याची सालसुद्धा पुरती भेदलेली नाही. मग आतल्या बाठ्याची वार्ता त्यास कळली तरी कशी?

पृथ्वीचे वजन

पहिली वार्ता मिळाली ती तराजूने. १७९८ साली हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने एक विलक्षण प्रयोग केला. बारीक तारेने टांगलेल्या आडव्या दांडीच्या दोन टोकांस त्याने शिशाचे दोन लहान गोळे लावले आणि त्यांच्याजवळ शिशाचे दोन प्रचंड गोळे आणून ठेवले. मोठे गोळे लहान गोळ्यांना किती ओढतात, हे त्या तारेच्या अतिसूक्ष्म पिळावरून त्याने मोजले. वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून तो स्वतः खोलीबाहेर राहून दुर्बिणीतून पाहत असे. या ओढीवरून हिशोब करता पृथ्वी ही तितक्याच आकाराच्या पाण्याच्या गोळ्याहून सुमारे साडेपाच पट जड आहे, असे निघाले. आजही हा आकडा जवळजवळ तसाच मानला जातो.

या आकड्यात एक कोडे दडलेले आहे. आपल्या अंगणातला दगड घेतला, तर तो पाण्याच्या पावणेतीन ते तीन पट जड भरतो. सगळी पृथ्वी अशा दगडांचीच असती, तर तिचे वजन साडेपाच पट कसे भरावे? दाबामुळे आतला दगड काहीसा आवळला जातो हे खरे; पण तेवढ्याने हिशोब पुरा होत नाही. तेव्हा आत कोठे तरी दगडाहून पुष्कळ जड असा पदार्थ असला पाहिजे. १८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ एमिल वीखर्ट यांनी सांगितले की, हा पदार्थ लोखंड होय. असे म्हणण्यास आधारही होता. आकाशातून जे अशनी पृथ्वीवर पडतात, त्यांतील काही दगडाचे असतात आणि काही चक्क लोखंडाचे, निकेल मिसळलेल्या लोखंडाचे असतात. सूर्यमालेतील इतर लहान गोलांच्या पोटात जर लोखंड होते, तर पृथ्वीच्या पोटात ते का नसावे?

भूकंपाची साक्ष

दुसरी वार्ता मिळाली ती कानाने. बाजारात मडके घेताना गृहिणी त्यावर बोटाने टिचकी मारते आणि नादावरून ते पक्के की चिरलेले हे ओळखते. देवळाच्या घंटेला तडा गेला, तर तो डोळ्यांना दिसण्यापूर्वी गावाला ऐकू येतो. पृथ्वीवर टिचकी मारण्याचे सामर्थ्य मनुष्याजवळ नाही. पण भूकंप ते काम करतो. एका जागी धरणी हादरली म्हणजे तिच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून आरपार जातात आणि दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या नाजूक यंत्रावर आपली रेघ उमटवतात.

या शास्त्राचा एक महत्त्वाचा धडा आपल्या देशातच गिरवला गेला. १२ जून १८९७ रोजी आसाममध्ये भयंकर भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्यातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याची कसून पाहणी केली. दूरदेशी यंत्रांवर उमटलेल्या भूकंपांच्या रेघा तपासताना त्यांना दिसून आले की, भूकंपाच्या लहरी एकाच जातीच्या नसतात. काही पुढेमागे ढकलत वेगाने धावतात, काही आडव्या हेलकावत त्यांच्या मागून येतात आणि काही केवळ पृष्ठभागावरून संथपणे पसरतात. पुढे १९०६ साली याच ओल्डहॅम यांनी लहरींना लागणाऱ्या वेळेवरून दाखवून दिले की, पृथ्वीच्या मध्यभागी एक वेगळाच गाभा आहे. नंतर जर्मनीत बेनो गुटेनबर्ग यांनी तो गाभा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर सुरू होतो, असे मोजून काढले. आडव्या हेलकावणाऱ्या लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत आणि गाभ्यातून तर त्या पलीकडे निघत नाहीत. यावरून, व पृथ्वीच्या एकंदर ताठपणाचा हिशोब करून, १९२६ साली इंग्लंडचे हॅरल्ड जेफ्रीज यांनी गाभा वितळलेला आहे असा निर्णय दिला.

अशा शोधांसाठी जगभर पसरलेली यंत्रे आणि ती रात्रंदिवस सांभाळणारी निष्ठावंत माणसे हवीत. या कामी येशूसंघाच्या धर्मगुरूंचा वाटा इतका मोठा होता की, भूकंपशास्त्रास पुष्कळजण 'जेज्विटांचे शास्त्र' म्हणू लागले. अमेरिकेत फादर फ्रेडरिक ओडेनबाख यांच्या प्रयत्नाने १९०९ च्या सुमारास येशूसंघाच्या अनेक महाविद्यालयांत एकाच बनावटीची भूकंपमापक यंत्रे बसविण्यात आली. आणि ही यंत्रे, वर ज्यांचा उल्लेख आला, त्या वीखर्ट यांच्याच पद्धतीची होती. पुढे १९२५ साली फादर जेम्स मॅकल्वेन यांनी सेंट लुई येथे मध्यवर्ती केंद्र ठेवून या कामाची नव्याने घडी बसविली.

यानंतरचा मोठा शोध एका स्त्रीच्या नावावर आहे. डेन्मार्कच्या इंगे लेमान या भूकंपांच्या नोंदींचे टाचण ठेवीत. त्यासाठी त्या ओटच्या पिठाच्या रिकाम्या खोक्यांचा उपयोग करीत, असे त्यांचे आप्त सांगत. १९२९ साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या भूकंपाच्या काही लहरी, जेथे पोहोचू नयेत अशा ठिकाणी उमटलेल्या त्यांना आढळल्या. वर्षानुवर्षे विचार करून १९३६ साली त्यांनी सांगितले की, वितळलेल्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे. हा आतला गाभा घन आहे, हे पुढे सिद्ध झाले. तो सुमारे ५,१५० किलोमीटर खोलीवर सुरू होतो आणि त्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर आहे. वाचकहो, लेमान बाईंना १०४ वर्षांचे आयुष्य लाभले. १९९३ साली त्या वारल्या.

तागडीत पडलेली तूट

येथवर सारे जुळून आल्यासारखे दिसते. वर दगड, आत वितळलेले लोखंड, अगदी मध्ये घन लोखंड. पण चोख व्यापारी हिशोब जुळल्यासारखा दिसला तरी पुन्हा एकदा तागडी धरतो. असा चोख माणूस भूशास्त्राला मिळाला तो अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे फ्रान्सिस बर्च यांच्या रूपाने. दाबाखाली पदार्थांचे काय होते, हे प्रयोगशाळेत मोजण्यात त्यांचे गुरू पर्सी ब्रिजमन यांनी हयात वेचली होती आणि त्याबद्दल ब्रिजमन यांस १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

बर्च यांनी प्रश्न असा घातला: गाभ्याच्या ठिकाणी जो दाब आहे व जी उष्णता आहे, त्यांत शुद्ध लोखंड किती जड भरेल? आणि भूकंपाच्या लहरी सांगतात तो गाभा प्रत्यक्षात किती जड आहे? १९५२ साली व पुन्हा १९६४ साली त्यांनी दिलेले उत्तर असे की, बाहेरचा वितळलेला गाभा शुद्ध लोखंडाच्या मानाने सुमारे दहा टक्क्यांनी हलका आहे. जेथे अकरा शेर भरावयास हवे, तेथे दहा शेरच भरतात. त्यानंतरच्या शास्त्रज्ञांनी हा आकडा पाच ते दहा टक्क्यांच्या दरम्यान धरला आहे. आतल्या घन गाभ्यातही काहीशी तूट आहे, पण ती पुष्कळ कमी. गाभ्यात थोडे निकेल असणार, हे अशनींवरून दिसते. पण निकेल लोखंडाहून किंचित जडच असल्याने त्याने तूट भरून निघत नाही. अर्थ उघड आहे. पृथ्वीच्या पोटातले लोखंड शुद्ध नाही. त्यात काही तरी हलके मूलद्रव्य विरघळलेले आहे. ते कोणते?

बर्च मोठे विनोदी गृहस्थ होते. १९५२ च्या आपल्या विद्वत्ताप्रचुर निबंधातच त्यांनी वाचकांस बजावून ठेवले की, भूगर्भासंबंधी लिहिणाऱ्यांचे शब्दही तेथील दाबाखाली आपला अर्थ बदलतात; तेव्हा कोणी फार छातीठोकपणे बोलला, तर तो अंदाज करीत आहे असे समजावे. ही सूचना लक्षात ठेवूनच पुढचा भाग वाचावा.

पाच उमेदवार

या हलक्या पदार्थाच्या जागेसाठी शास्त्रज्ञांनी मुख्यतः पाच नावे पुढे केली आहेत: गंधक, सिलिकॉन, ऑक्सिजन, कार्बन आणि हायड्रोजन. पाचही लोखंडाहून हलकी, पाचही विश्वात विपुल, आणि पाचही योग्य परिस्थितीत लोखंडात मिसळणारी.

गंधकाची बाजू घेणारे लोक अशनींकडे बोट दाखवतात. लोखंडी अशनींत लोह आणि गंधक यांचे संयुग जागोजागी आढळते. तेव्हा या दोघांची मैत्री जुनी आहे. पण गंधक उष्णतेने सहज उडून जाणारा असल्यामुळे, तापलेल्या बाल-पृथ्वीने तो किती राखला असेल, असा आक्षेप येतो. सिलिकॉन हे वाळूचे व दगडाचे प्रमुख घटक; पृथ्वीच्या दगडी भागात ते काही अशनींच्या मानाने थोडे कमी भरते, म्हणून उरलेले गाभ्यात उतरले असावे, असा तर्क आहे. ऑक्सिजनशी लोखंडाचे नाते आपल्यास गंजावरून ठाऊक आहेच. गोव्याच्या तांबड्या लोहखनिजातही हीच जोडी बसलेली असते. साध्या दाबाखाली वितळलेल्या शुद्ध लोखंडात ऑक्सिजन अल्पच विरघळतो, पण उष्णता व दाब अतोनात वाढला म्हणजे तो अधिक विरघळू लागतो. कार्बन तर लोहाराच्या परिचयाचा. लोखंडात त्याचा थोडासा अंश मिसळला की पोलाद होते आणि कोयत्याला धार धरते.

पाचवा उमेदवार हायड्रोजन हा सर्वांत हलका व सर्वांत फसवा. साध्या दाबाखाली तो लोखंडात फारसा राहत नाही. जबर दाबाखाली मात्र तो लोखंडाच्या अणूंच्या फटींत शिरून बसतो. आणि दाब काढला की निसटून जातो. त्यामुळे प्रयोगशाळेत त्यास पकडणे अवघड. २०२१ साली जपानी शास्त्रज्ञांच्या एका पथकाने दाब कायम असतानाच त्याचे प्रमाण मोजण्याची युक्ती साधली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे गाभ्याच्या वजनात हायड्रोजन शेकडा ०.३ ते ०.६ इतका असावा. ऐकावयास हे क्षुल्लक वाटते. परंतु गाभ्याचे वजन सगळ्या पृथ्वीच्या वजनाच्या जवळजवळ तृतीयांश आहे. इतका हायड्रोजन पाण्याच्या रूपाने असता, तर त्यापासून आजच्या सर्व महासागरांच्या सुमारे तीस ते सत्तर पट पाणी झाले असते!

केवळ वजनाची तूट भरली म्हणून उमेदवार पास होत नाही. त्याने दुसऱ्याही परीक्षा दिल्या पाहिजेत. त्या मिश्रधातूतून ध्वनीलहरी ज्या वेगाने जातात, तो वेग भूकंपाच्या लहरींशी जुळला पाहिजे. तो मिश्रधातू तेथील उष्णतेत वितळलेला राहिला पाहिजे. येथे ओतारी बंधूंचा अनुभव उपयोगी पडेल. शुद्ध लोखंड १,५३८ अंश सेल्सिअसला वितळते. पण शेकडा चारच्या आसपास कार्बन असलेले बीड सुमारे १,१५० अंशांनाच पातळ होते. हलक्या मूलद्रव्याच्या भेसळीने लोखंड लवकर वितळते आणि उशिरा थिजते. गाभ्याचा बाहेरचा भाग अद्याप द्रवरूप आहे, त्यास ही भेसळही साह्यभूत झालेली आहे.

दोन हिऱ्यांच्या चिमटीत

ही परीक्षा घ्यावयाची कोठे? पृथ्वीच्या मध्यबिंदूशी सुमारे ३६ लाख वातावरणांइतका दाब आहे. म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेवर सुमारे ३,७०० टन भार. दहा टन माल भरलेल्या ३७० मालमोटारी एकावर एक रचून त्या नखावर ठेवाव्यात, तसे हे झाले.

इतका दाब निर्माण करण्याची युक्ती मोठी साधी आहे. बोथट खिळा लाकडात शिरत नाही, पण दाभण चटकन शिरते. कारण हाताचा तोच जोर दाभणाच्या बारीक टोकावर एकवटतो. १९५८ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत काम करणाऱ्या चार शास्त्रज्ञांनी या तत्त्वावर हिऱ्यांचे एक यंत्र तयार केले. सरकारने चोरट्या व्यापारातून जप्त केलेले हिरे त्यांच्या उपयोगी पडले. दोन हिऱ्यांची टोके समोरासमोर आणून त्यांच्यामध्ये नमुना ठेवावयाचा आणि स्क्रू आवळावयाचे. टोके एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान केली, तर तळहातावर मावणाऱ्या या यंत्रात लाखो वातावरणांचा दाब निघतो. हिरा पारदर्शक असल्याने त्यातून लेसरचे किरण सोडून नमुना तापविता येतो आणि क्ष-किरण सोडून त्याच्या अणूंची रचनाही पाहता येते. चोरीच्या मालातून निघालेल्या हिऱ्यांनी पृथ्वीचे गुपित उघडण्यास हातभार लावावा, हा योगही मौजेचा!

२०१० साली जपानमधील शिगेहिको तातेनो, केई हिरोसे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा यंत्रात लोखंडाचा एक कण ३७ लाखांहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली सुमारे ५,४०० अंशांपर्यंत तापविला. पृथ्वीच्या अगदी मध्याशी असतो त्याहूनही हा दाब अधिक. त्या स्थितीत लोखंडाचे अणू, बाजारात संत्र्यांची रास रचतात त्याप्रमाणे, शक्य तितके दाटीने बसलेले आढळले. २०१३ साली फ्रान्समध्ये ग्रनोब्ल येथे झालेल्या प्रयोगांवरून असा हिशोब निघाला की, द्रव आणि घन गाभ्याच्या सीमेवर उष्णता सुमारे ६,००० अंश असावी. सूर्याच्या पृष्ठभागाइतकी ही उष्णता आपल्या पायांखाली आहे. आणि तरीही तेथील लोखंड थिजते, ते केवळ दाबामुळे.

भेसळीचे उपकार

आता कोणी विचारील, गाभ्यात गंधक असो की सिलिकॉन, आमच्या शेतातल्या पिकाला त्याचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर या लेखाचा खरा विषय आहे.

होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते, कारण पृथ्वी स्वतः एक चुंबक आहे. हे चुंबकत्व बाह्य गाभ्यातील वितळलेल्या धातूच्या हालचालीतून निर्माण होते. सायकलच्या दिव्याचा डायनॅमो चाकाच्या गतीपासून वीज तयार करतो. तद्वत् गाभ्यातील धातूच्या अभिसरणातून विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात व ते चुंबकक्षेत्र टिकवून धरतात. पण चाक थांबले की दिवा विझतो. मग गाभ्याचे हे चाक फिरते ठेवतो कोण?

काही काम उष्णतेचे. गाभा हळूहळू निवत आहे आणि निवताना त्यात खालवर हालचाल होते. दुसरे मोठे कारण १९६३ साली रशियन शास्त्रज्ञ स्तानिस्लाव ब्रागिन्स्की यांनी दाखवून दिले. पाकातून खडीसाखरेचे खडे धरतात, तेव्हा खडा स्वच्छ निघतो आणि मळीचा अंश उरलेल्या पाकात राहतो, हे आपण पाहतोच. गाभ्यातही तसेच घडते. द्रव गाभ्याचा तळाचा थर थिजून आतल्या घन गाभ्याला चिकटतो; त्यामुळे घन गाभा वर्षाला मिलिमीटरच्या आसपास वाढत राहतो. थिजणारे लोखंड हलक्या मूलद्रव्यांचा बराच अंश, विशेषतः ऑक्सिजनचा, आपल्यात घेत नाही, बाहेर टाकते. घन गाभ्यात वजनाची तूट कमी आहे, तिचेही कारण हेच. बाहेर टाकलेला हा हलका अंश पाण्यात तेल वर यावे तसा द्रव गाभ्यातून वर चढू लागतो आणि सारा द्रव ढवळून काढतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाला लागणारी शक्ती आज मोठ्या प्रमाणात या ढवळण्यातून मिळते. गाभ्यातले लोखंड अगदी शुद्ध असते, तर खडा धरताना मागे उरावयास काहीच नव्हते, आणि हे ढवळणेही नव्हते.

या चुंबकक्षेत्राचे छत्र आपल्या डोक्यावर आहे. सूर्यापासून सदैव सुटणारे विद्युत्भारित कण हे क्षेत्र बरेचसे बाजूस वळविते. शेजारच्या मंगळावरही एकेकाळी असे क्षेत्र होते. ते अब्जावधी वर्षांपूर्वी मावळले. मंगळाचे वातावरण पुढे विरळ होत गेले, त्यात सूर्याच्या या माऱ्याचाही हात होता. आज तो ग्रह थंड आणि ओसाड आहे.

आपल्या चुंबकाची नाडी तपासणारे वैद्य महाराष्ट्रातही आहेत. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने पृथ्वीचे चुंबकक्षेत्र हादरले, तेव्हा कुलाब्याच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या नोंदी आजही जगातील शास्त्रज्ञ अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने नाजूक यंत्रे बिघडू नयेत म्हणून १९०४ साली हे काम समुद्रापलीकडे अलिबागेस हलविण्यात आले. तेथील इमारतींसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड निवडून आणला होता. संचालक नानाभाई मूस यांनी कुलाब्याच्या साठ वर्षांच्या नोंदी संकलित करून १९१० साली प्रसिद्ध केल्या. अलिबागेस सुईची जी बारीक थरथर टिपली जाते, तिच्यात सूर्याच्या वादळांचा हात असतो. पण वर्षानुवर्षांत सुईची दिशा जी हळूहळू सरकते, ती तीन हजार किलोमीटर खोल उकळणाऱ्या त्या भेसळीच्या लोखंडाची खबर असते.

जन्माची खूण

या दशांशाला आणखीही एक महत्त्व आहे. सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वी घडत होती, तेव्हा ती पुष्कळशी वितळलेली होती. दगडाच्या त्या तप्त समुद्रातून लोखंडाचे थेंब पावसासारखे खाली उतरले आणि वाटेत जे जे विरघळले ते ते आपल्याबरोबर घेऊन गेले. कोणते मूलद्रव्य किती जावे, हे त्या वेळचा दाब, उष्णता आणि भोवतालचा ऑक्सिजन यांवर अवलंबून होते. म्हणून गाभ्यात आज काय आहे हे नक्की कळले, तर पृथ्वीचा जन्म कोणत्या परिस्थितीत झाला हेही कळेल. आपल्या समुद्रांना पुरणारे पाणी पृथ्वीजवळ मुळातच होते काय, या प्रश्नावरही हायड्रोजनचा निकाल प्रकाश टाकील.

निकाल मात्र अद्याप लागलेला नाही. २०१४ साली युरोपातील शास्त्रज्ञांच्या एका गटाने ऑक्सिजन व सिलिकॉन यांच्या मिश्रणाकडे कौल दिला; सात वर्षांनी जपानी गटाने हायड्रोजनचे पारडे जड केले. एकच मूलद्रव्य सारी तूट भरून काढील, असे आता फारसे कोणी म्हणत नाही. दोन-तीन किंवा पाचही असतील, वाद आहे तो त्यांच्या वाट्यांचा.

या सगळ्या शोधाकडे पाहता आम्हांस एका गोष्टीचे विशेष कौतुक वाटते. गाभा लोखंडाचा आहे, एवढ्या उत्तरावर समाधान मानणे सोपे होते. नऊ भाग हिशोब जुळला होता. उरलेल्या एका भागाकडे डोळेझाक केली असती, तर कोणी विचारणारही नव्हते. पण ज्यांनी तो एक भागही वहीत प्रामाणिकपणे मांडून ठेवला, त्यांच्यामुळे आपल्यास कळले की, होकायंत्राची सुई कशाच्या बळावर उभी आहे. शेतावर जाताना पायाखालच्या जमिनीकडे वाचकांनी एकदा या दृष्टीने पाहावे. तिच्या तळाशी, जेथे कोणाची कुदळ पोहोचणार नाही, तेथे याही क्षणी लोखंडाचा खडा धरतो आहे आणि त्याने टाकलेला हलका अंश वर चढतो आहे.